मास्तरांच्या कोपऱ्यातला टॅब

मी टॅब बोलतोय. दचकू नका, माझी नेमणूकच बोलण्याच्या कामावर झाली होती. काय बोलायचं ते मात्र दुसऱ्यांनी ठरवून दिलं होतं, आणि जे सांगायला हवं होतं ते सांगायची सोय माझ्यात कोणी केली नव्हती. म्हणून मी फुलांविषयी गोड गोड बोलत राहिलो आणि माझ्यासमोर एक म्हातारी बाई मार खात राहिली. आता माझी काच तडकली आहे आणि मला कामावरून कमी केलं आहे. तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

मारहाण मला नवी नव्हती, माझा जन्मच तिच्यात झाला. आधी काच वितळवली, मग कापली, मग घासली. पाठीचा पत्रा यंत्राखाली दाबून चपटा केला. कारखान्यात आमच्या तुकडीतल्या काही भावंडांना निवडून उंचावरून फरशीवर टाकलं. काहींच्या छातीवर लोखंडी गोळे सोडले. एकाला दोन्ही टोकांना धरून इतकं पिळलं की त्याचं पोट फुटून बाहेर आलं. ते मेले यावरून आम्ही उरलेले दणकट आहोत असं सिद्ध झालं आणि आमच्या खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापण्यात आलं.

मला विकत घेतलं ते मास्तरांच्या मुलानं. तो परगावी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना फोनवर धीर देणं हे त्याचं काम. “घाबरू नका, माणूस निघालाय,” हे वाक्य तो दिवसभरात इतक्यांदा म्हणे की घरच्यांशी बोलतानाही तेच तोंडात येई. आईनं फोनवर सांगितलं, “अरे, बाबा आता मला पण ओळखत नाहीत,” तर हा म्हणाला, “घाबरू नकोस.” माणूस निघायला मात्र बराच वेळ लागला. निघाला तो मला काखेत मारून.

मास्तर बॉक्सिंग शिकवत. तरुणपणी स्वतः खेळले होते, तेव्हा लोक त्यांना ‘हातोडा’ म्हणत. पुढे गुडघा गेला. मग एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर रिंग बांधून त्यांनी पोरं तयार करायला घेतली. दुसऱ्याचं नाक कसं फोडावं आणि आपलं कसं वाचवावं, हे ते जन्मभर शिकवत राहिले. घरात मात्र कधी हात उचलला नाही. बाहेरच इतकं भागत असे की घरासाठी काही उरत नसावं.

मग आजार आला. पहिल्यांदा किल्ल्या गेल्या, मग नावं, मग घराचा रस्ता, आणि शेवटी बोलणंच गेलं. मी त्या घरात आलो तेव्हा मास्तर खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत दिवसभर बसून असत. हात मांडीवर, मुठी अर्धवट मिटलेल्या. तोंडातून शब्द नाही. भरवलं की खात, उठवलं की उठत.

त्यांच्या बायकोला शेजारीपाजारी काकू म्हणत, मीही तेच म्हणतो. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी अनोळखी माणसांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, आणि आता स्वतःच्या घरात पलीकडून कोणी फोन उचलत नव्हतं.

मुलानं मला टेबलावर उभं केलं आणि माझी ओळख करून दिली.

“आई, हे बघ. फोटो दिसेल, ही बाई गोड आवाजात प्रश्न विचारेल आणि बाबा बोलायला लागतील.”

“नाही लागले तर?”

“लागतील गं. हॉस्पिटलातल्या मॅडमच म्हणाल्या ना, टॅबवर जुने फोटो दाखवले की पेशंट बोलता होतो म्हणून.”

“त्या असंही म्हणाल्या की प्रश्न विचारू नका. मी तिथंच बसले होते.”

“प्रश्नाशिवाय गप्पा कशा होतील, आई?”

“आपण दोघं आत्ता करतोय त्या काय आहेत?”

यावर मुलानं माझ्याकडे बघून उगाच एक बटण दाबलं. मग घसा साफ करून मुद्द्यावर आला. “हे बघ, वर्ष संपेपर्यंत करून बघू. नाहीच जमलं तर अशा पेशंटांना ठेवून घेणारी एक संस्था मी बघून आलोय. चांगली आहे. खाट मिळतेय.”

“खाट आपल्या घरातही आहे.”

“तसं नाही गं...”

“कसं आहे ते मला कळतंय. हे कुठेही जाणार नाहीत. मी आहे तोवर तरी नाही.”

“घाबरू नकोस, आई.”

“मी घाबरलेली नाही. आणि लिफ्टमध्येही अडकलेली नाही.”

माझ्यातल्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘चला, गप्पा मारू’. तो सुरू होताना कोणता आवाज यावा हे निवडता येत असे. पक्ष्यांची किलबिल होती, बासरी होती, पाण्याची खळखळ होती. मुलाला ते सगळं कोरडं वाटलं. तो मुद्दाम जुन्या गोदामात गेला. रिंगच्या कडेला मास्तरांची पितळी घंटा अजून टांगलेली होती. तिचा टोला त्यानं माझ्यात भरून घेतला आणि तोच सुरुवातीला लावला. “बाबांना किती बरं वाटेल,” असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. त्या घरातली जवळजवळ सगळी हाडं पुढे ज्यामुळे दुखावली, ते काम इतक्या प्रेमानं झालं.

पहिल्या दिवशी मुलानं मला मास्तरांच्या समोर धरलं. घंटा झाली आणि मास्तर उभे राहिले.

“आई, बघ! बघ! आपले आपण उठले!” मुलगा ओरडला.

माझ्या काचेवर मास्तरांच्या एका जुन्या प्रतिस्पर्ध्याचा फोटो आला आणि माझ्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, “हे कोण आहेत बरं? ओळखा पाहू!”

मास्तरांचा डावा हात सरळ सुटला. म्हाताऱ्या माणसाचा हात वाटेना तो. मुलाच्या नाकातून रक्ताची पिचकारी माझ्यावर उडाली, तो मागे कपाटावर आदळला आणि कपाटातल्या बश्या खाली आल्या. बाई म्हणाली, “अगदी बरोबर! शाब्बास!” उत्तर काहीही असलं तरी ती हेच म्हणे. पेशंटचा हिरमोड होऊ नये म्हणून तशी तरतूद होती.

नाकात कापूस घालून मुलानं तपास केला. त्याच्या मते दोष फोटोचा होता. जुना वैरी दिसला आणि बाबा भडकले. त्यानं बॉक्सिंगचे सगळे फोटो काढून टाकले आणि फुलं, तळी, बदकं आणि लग्नातले फोटो भरले. घंटा तशीच ठेवली. घंटेवर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही, कारण ती त्यानं स्वतः आणली होती. मग तो परगावी निघून गेला.

त्यानंतर काकू मार खाऊ लागल्या, बदकांच्या साक्षीनं.

जेवण झालं, भांडी झाली की काकू मला टेबलावर उभं करत आणि बटण दाबत. घंटा, फोटो आणि बाईचा आवाज हे सगळं एकदमच येई. त्यामुळे मास्तरांना नेमकं काय डसतं ते काकूंना उमगत नव्हतं. मास्तर उठत, हनुवटी छातीशी घेत, आणि समोर जे असेल त्याला मारत. समोर काकू असत. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. “हे सुंदर फूल कोणतं बरं?” बाई विचारी. काकूंच्या तोंडून हुंकार निघे. “अगदी बरोबर!”

एकदा त्यांचा दात पडला. दात घेऊन काकू खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. तो डॉक्टर मोठा बोलका होता. लोकांच्या तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारायची त्याला सवय होती, त्यामुळे उत्तराची अपेक्षा नसे.

“काकू, परवा न्हाणीघराचं दार, आज कपाट. तुमच्या घरातलं फर्निचर फार अंगावर येतं हो.”

“जागा लहान आहे.”

“माझ्या डोक्यावरच आहे तुमची जागा. मला सगळं ऐकू येतं. दार असं श्वास सोडत मारत नाही.”

“तुम्ही दात बघा.”

मुलाला यातलं काहीच कळत नव्हतं, कारण त्याला मी कळवत होतो. समोरचा माणूस किती हलतो, किती आवाज करतो, हे मोजून कार्यक्रम त्याच्या फोनवर निरोप पाठवी. ‘आजचा सहभाग उत्तम! बाबा खूप उत्साही होते!’ सोबत हसरा हिरवा चेहरा. ज्या दिवशी काकूंची बरगडी चिरली त्या दिवशी टाळ्या वाजवणारे हातही आले. मुलानं लगेच फोन केला. “आई, कमाल आहे ना? मी सांगत नव्हतो?” काकू ओठाला बर्फ लावून म्हणाल्या, “हो रे. फारच गुणाचं यंत्र आहे.”

तुम्ही विचाराल, ही बाई रोज बटण का दाबत होती? मलाही आधी कोडंच वाटे. तिला मार खायची हौस नव्हती. पण मारून झालं की मास्तर खुर्चीत बसत, धापा टाकत, आणि बोलत. कित्येक महिने न बोललेला माणूस त्या धापांमध्ये अख्खी वाक्यं बोले. मग श्वास शांत होई आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागत. त्या चार वाक्यांसाठी काकू अंगावर काळेनिळे वळ घेत होत्या. माणसं बोलण्यासाठी इतकी किंमत मोजतात हे आमच्या कार्यक्रमवाल्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी तो फुकट दिला नसता.

मारातून सुटायची एक युक्ती काकूंनी शोधली होती. खाली पडायचं. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला मारत नाहीत, आणि तो नियम मास्तरांच्या अंगात मुरलेला होता. बायकोला मारायचं नाही हा नियम पुसला गेला होता, पडलेल्याला मारायचं नाही हा शाबूत होता. काकू कोसळल्या की ते वळत आणि आपल्या खुर्चीकडे जात. मग काकू पडायला शिकल्या. कूस कशी द्यायची, डोकं कसं वाचवायचं, सतरंजी कुठे दुहेरी टाकायची. या वयात बायका गुडघ्याच्या तक्रारी करतात. या बाई झटक्यात कशी जमीन गाठावी याचा सराव करत होत्या, आणि तोही मास्तर झोपले असताना.

पण एक दिवस पडायलाच जागा मिळाली नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत त्या अडकल्या. मागे भिंत, एका बाजूला कपाट, समोर मास्तर. त्यांनी मला ढालीसारखं छातीशी धरलं होतं. मास्तर खालून पोटात, वरून कानावर, पुन्हा पोटात असे तालात मारत होते. काकूंचा श्वास तुटत चालला होता. पुढची मूठ माझ्या काचेवर बसली, नेमकी ‘पुन्हा सुरू करा’ या बटणावर.

घंटा वाजली.

मास्तरांचा उजवा हात हवेतच थांबला. ते वळले, खुर्चीवर जाऊन बसले, दोन्ही दंड खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि तोंडाचा आ केला.

काकू सापटीतून सरपटत बाहेर आल्या. खाली बसल्या. बराच वेळ त्या आ केलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या. आपल्या नवऱ्याची एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती, पण त्याची रक्ताळलेली फडकी आणि दातांवर बसवायचं रबर मात्र पुष्कळदा धुतलं होतं. ते रबर कोणीतरी काढायची मास्तर वाट बघत होते. काकूंनी दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली आणि तिथं नसलेलं रबर काढून घेतलं. मग ओल्या फडक्यानं चेहरा पुसला, पेल्यातून पाणी पाजलं. मास्तरांनी चूळ भरली आणि काकूंच्या मांडीवर थुंकली.

“बादली कुठंय?” ते रागावले. “रोज सांगायला पाहिजे का?”

काकू रडता रडता हसायला लागल्या. “उद्यापासून ठेवते, मास्तर.”

घंटेनं राउंड सुरू होतो आणि घंटेनंच संपतो. दोन राउंडच्या मध्ये मिनिटभर खेळाडू आपल्या कोपऱ्यात बसतो आणि गुरू त्याच्याशी बोलतो. मास्तरांनी आयुष्यातलं खरं बोलणं त्या मिनिटभरातच केलं होतं. घरी ते कमी बोलत, लोकांत त्याहून कमी. सगळं शहाणपण, सगळी माया, सगळ्या शिव्या त्या कोपऱ्यातल्या मिनिटासाठी राखून ठेवलेल्या असत. आणि आम्ही त्यांना बदकं दाखवत होतो.

काकूंनी कार्यक्रम असा लावला की बाई गप्प, फोटो काळे, फक्त घंटा. पहिला टोला झाला की मास्तर उठत. मूठ सुटायच्या आत दुसरा टोला, की परत खाली. पहिला टोला न देता नुसतंच बसवून पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहत. त्यामुळे एकदा उठवणं भागच होतं. मधे एखादा ठोसा निसटून लागे. काकू तो हिशेबात धरत नसत.

मग खुर्चीशेजारी बादली, हातात फडकं आणि समोर वेताच्या मोड्यावर काकू. मास्तर त्यांना ‘पोरा’ म्हणत.

“पोरा, डावा हात खाली पडतोय तुझा.”

“हो, मास्तर.”

“हो मास्तर काय, वर ठेव. तो उजवीकडून येतोय, दिसत नाही? डोळे आहेत का बटणं?”

“दिसतंय, मास्तर. पण फार जोरात मारतो हो.”

“मग? पाया पडेल का तो तुझ्या? मारायलाच आलाय.”

कधी काकू बाजूची वाट धरत. प्रश्न विचारत नसत, नुसतं एखादं वाक्य पुढे सरकवत.

“तुमची बायको घरी तुमची वाट बघत असेल.”

“बघत असेल. फोनवर काम करते ती. दिवसभर लोकांचं ऐकते. घरी आली की म्हणते, आता कोणी बोलू नका.” मास्तर हसले. “मला बरंच आहे.”

“मॅच बघायला येत नाही वाटतं.”

“नाही. भित्री आहे.”

“भित्री नसेल हो. तुम्हाला मार बसलेला बघवत नसेल.”

मास्तर विचारात पडले. “असं ती बोलली नाही कधी.”

“तिला कोणी विचारलं नसेल.”

“पोरा, तू फार बोलतोस. पाणी दे.”

त्या दिवशी काकूंनी मला पुसताना इतकं हळू पुसलं की मला माझी किंमत वाढल्यासारखं वाटलं. मुलाच्या फोनवर मात्र त्या काळात पिवळे, उदास चेहरे जात होते. ‘आजचा सहभाग कमी.’ मारामारी थांबल्यामुळे आमचा निकाल घसरला होता. त्यानं फोन केला. “आई, पूर्वी छान चाललं होतं. आता काय झालं? मी त्या खाटेचं विचारून ठेवू का?”

“मला मारून टाकलंस तरी नाही,” काकू म्हणाल्या.

आजार थांबला असता तर मीही इथेच थांबलो असतो. तो थांबला नाही. एका दुपारी काकूंनी पहिला टोला दिला, मास्तर उठले, दुसरा दिला आणि मास्तर थांबले नाहीत. दुसऱ्या टोल्याचा अर्थ त्यांच्या डोक्यातून रातोरात पुसला गेला होता. काकू पुन्हा बटण दाबत होत्या, पुन्हा दाबत होत्या, आणि मी पुन्हा पुन्हा घंटा वाजवत होतो. आता प्रत्येक घंटा म्हणजे नवी सुरुवात होती. प्रत्येक टोल्यासरशी तो माणूस नव्या दमानं तुटून पडत होता.

काकू पडल्या. सरावाप्रमाणे, कूस देऊन. मास्तरांनी गुडघा टेकला आणि पडल्या ठिकाणी मारायला सुरुवात केली. तोही नियम गेला होता.

आवाज ऐकून दातांचा डॉक्टर पांढऱ्या कोटातच वर धावत आला. “अहो मास्तर, हे काय...” एवढंच तो म्हणाला. जबड्यावर एकच ठोसा बसला आणि तो उंबऱ्यातच आडवा झाला. दात धरून बसण्याची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली असावी. त्यानं उठून मास्तरांना पाठीमागून कवळलं. दोघं कपाटावर, कपाटावरून जमिनीवर, आणि शेवटी मास्तर दमले तेव्हाच ते संपलं. काकूंचा एक डोळा सुजून पूर्ण मिटला होता. तोंडात रक्त होतं. “काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मुलाला कळवू नका.” डॉक्टरनं मुलाला कळवलं.

या वेळी माणूस लगेच निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात होता आणि खाली गाडी उभी होती. आईचं तोंड बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. “आई, हे सगळं... इतके दिवस? मला तर ते हिरवे...” मग त्यानं मास्तरांच्या दंडाला धरलं. “चला बाबा. उठा.”

“हात सोड त्यांचा,” काकू म्हणाल्या.

“आई, तू मरशील!”

“माझं मी बघेन. सोड.”

मुलानं ओढलं. मास्तर उठले ते मारतच. एक ठोसा मुलाच्या कानाखाली, एक गळ्यावर. मुलगा धडपडला, सावरला आणि त्यानं बापाच्या तोंडावर मूठ मारली. नंतर तो म्हणाला की आपल्याला कळलंच नाही. मला कळलं, मी टेबलावरून बघत होतो. ती मूठ चांगली बसली. लहानपणी त्यालाही गोदामात नेत असत. मास्तर खाली कोसळले. त्यांच्या ओठातून रक्ताची धार लागली. मुलगा पुन्हा मूठ उगारून उभाच होता.

तेव्हा काकूंनी मला उचललं. दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या आणि मला मुलाच्या डोक्यात घातलं. माझी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. मुलगा खाली बसला. कपाळावरून रक्त ओघळत त्याच्या भुवईत शिरलं.

“बापावर हात टाकतोस?” काकू ओरडल्या. मग स्वतःच घाबरून आपल्या हातांकडे बघू लागल्या. लहानपणीसुद्धा त्यांनी त्याला चापट मारली नव्हती.

दातांचा डॉक्टर सुजलेला जबडा घेऊन दारात उभा होता. त्याला बोलता येत नव्हतं, आणि ते त्या वेळी फार सोयीचं झालं. त्यानं आणि काकूंनी मिळून मास्तरांना खुर्चीत बसवलं. काकूंनी सवयीनं फडकं ओलं केलं आणि त्यांचा ओठ पुसायला लागल्या.

मास्तरांनी ते फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

त्यांनी काकूंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. अंगठ्यानं सुजलेली पापणी हळूच उचलून आत बघितलं. कानामागे दाबून पाहिलं. बरगड्यांवरून बोटं फिरवली, आणि काकू कळवळल्या तिथं थांबले. मग फडक्यानं त्यांच्या नाकाखालचं रक्त टिपलं. हात जराही कापत नव्हते.

“कोण मारतंय तुला इतकं?”

मुलगा जमिनीवर बसून बघत होता.

“आहे एक,” काकू म्हणाल्या. “चांगला आहे हो, मास्तर. मुद्दाम नाही मारत.”

“सगळे मुद्दामच मारतात, पोरा. हा खेळच तसा आहे.” त्यांनी पुन्हा पापणी पाहिली. “किती राउंड झाले?”

“बरेच झाले.”

“या बाजूनं तुला काही दिसत नाहीये. त्याचा उजवा येतोय आणि तुला दिसत नाहीये.”

“मी सांभाळेन.”

मास्तरांनी मान वर केली. दारात पांढरा कोट दिसला, मॅच थांबवायचा अधिकार असलेला डॉक्टर रिंगशेजारी बसतो तसा. त्यांनी हात उंच केला आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाले, “डॉक्टर! थांबवा. आमची माघार.”

“मास्तर, नको,” काकूंनी त्यांचा हात धरला. “मी उभी राहू शकते. खरंच राहू शकते.”

“माहितीये मला,” मास्तर म्हणाले. “तू उभा राहशील. म्हणूनच थांबवतोय.”

काकू तिथंच मोड्यावर बसल्या. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून आणि मिटलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं. मास्तर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून “चांगला खेळलास, चांगला खेळलास” असं म्हणत राहिले. ते सावकाश विरत गेलं आणि मग ते खिडकीबाहेर बघू लागले.

बऱ्याच वेळानं काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मुलाजवळ जाऊन त्याचं कपाळ बघितलं. “टाके पडतील,” त्या म्हणाल्या. “आधी ते करून घे. मग त्यांची बॅग भर. लोकरीची टोपी वरच्या फळीवर आहे.”

“आई, तू...”

“मास्तर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

तर अशी माझी नोकरी संपली. मास्तर आता त्या संस्थेत असतात. तिथले मदतनीस तरणेबांड आहेत आणि ठोसा चुकवायला शिकले आहेत. मुलानं संस्थेसाठी नवा टॅब आणायचा घाट घातला होता. काकूंनी त्याच्याकडे एकाच डोळ्यानं असं पाहिलं की तो विषय तिथंच संपला. घंटेचा आवाज त्यानं स्वतःच्या हातानं पुसून टाकला. मी काकूंच्या पिशवीत असतो. माझी काच बोटाला लागते, बॅटरी टिकत नाही. फेकून द्यायचं त्यांच्या मनात येत नाही, आणि दुरुस्त करायचंही नाही.

तुमच्या घरी असा कोणी असेल आणि माझ्या जातीचं कोणी तुम्ही त्याच्यासमोर उभं करणार असाल, तर एक विनंती आहे. आम्हाला खुशाल आणा, आम्ही वाईट नाही. पण आमच्यात काय भरताय ते आधी त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसाला विचारा. ‘ओळखा पाहू’ म्हणून त्याला परीक्षेला बसवू नका. आणि आमच्या हिरव्या चेहऱ्यावर विसंबू नका. येऊन बघा.

काकू दिवसाआड जातात. मास्तरांच्या खाटेजवळ बसतात. काही विचारत नाहीत, काही दाखवत नाहीत. मास्तर त्यांचे हात आपल्या हातात घेतात आणि सुती पट्टी बोटांमधून, अंगठ्यावरून, मनगटावरून घट्ट गुंडाळत जातात. मॅचच्या आधी खेळाडूचे हात बांधायचे असतात. गाठ मारून झाली की काही दिवस ते गप्प असतात. काही दिवस बोलतात. काल बोलले.

“आज कोणाशी आहे तुझी?”

“आज कोणाशीच नाही, मास्तर.”

“नाही?” त्यांनी जरा विचार केला आणि खाटेवर सरकून जागा केली. “मग बस थोडा वेळ.”